उसना अंगठा

मोबाइलवरून पैसे पाठवताना पिनसाठी आकड्यांची चौकट उघडते. तिच्या डाव्या कडेला वरून खाली 1, 4 आणि 7 असतात. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या काही माणसांना ही ओळ समोर असूनही जाणवत नाही. डोळे ठीक असतात, चष्म्याचा नंबरही बदललेला नसतो, पण मेंदूने डावीकडच्या जगाची दखल घेणं सोडून दिलेलं असतं. असा माणूस ताटातलं उजवीकडचं कालवण संपवतो, डावीकडची भाकर तशीच ठेवतो आणि वर भाकर मागतो. दाढी करायला बसला तर एकच गाल करून उठतो. त्याचा पिन 4718 असेल, तर तो त्याला तोंडपाठ असतो. विचारलं तर घडाघडा सांगेलही. (पिन कुणाला सांगू नये, हा नियम या घरात केव्हाच मोडलेला असतो. त्याकडे पुढे येऊ.) पण चौकटीत 4 कुठे आहे ते सापडत नाही. 8 सापडतो, तो दाबला जातो, मग बोट रेंगाळतं. तीनदा पिन चुकला की त्या दिवसापुरता व्यवहार बंद. घरचे म्हणतात, ‘अण्णांच्या काही ध्यानातच राहीना आता.’ ध्यानात सगळं असतं.

पक्षाघाताने माणसाचं काय जातं, याची यादी आपण अजून जुन्या काळाच्या हिशेबाने करतो. हात गेला, पाय गेला, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. फोन गेला, असं कुणी म्हणत नाही. बीड जिल्ह्यातल्या गावात ‘अंगावरून वारं गेलं’ किंवा ‘लकवा मारला’ एवढ्यावर गोष्ट आटोपते आणि मग चर्चा सुरू होते ती मालीश कुठे करायची, कुठल्या गावात औषध देतात याची. त्या औषधाचा पत्ता आता बहुतेक वेळा यूट्यूबवरच मिळालेला असतो, हा यातला कडू विनोद.

आजार म्हणून पक्षाघात साधा समजतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते, आणि पुढचा भाग उपाशी मरतो. मोठी वाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी जातात, असा हिशेब 2006 साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जगात पंचविशीच्या पुढच्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी पक्षाघाताचा धोका असतो. मुंबईत 2005-06 मध्ये एका वॉर्डात घरोघर नोंद ठेवली गेली, तेव्हा वर्षाला लाखामागे सुमारे 145 नवे रुग्ण निघाले होते. रक्तदाब, साखर, तंबाखू ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे त्यांवर इथे वेळ घालवत नाही.

आपल्याला बघायचं आहे ते दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते सत्तरच्या दशकात ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम इथे काढलेलं. बीडला जिल्हा रुग्णालय आहे. ऐपत असेल, निकड असेल तर लोक लातूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणं गाठतात. जीव वाचतो, आठ-पंधरा दिवसांत रुग्ण वस्तीवर परत येतो. आणि तिथे रेशन, निराधारांचं अनुदान, पीकविमा, बँक, गॅस, सगळं त्याच्याकडे एकच गोष्ट मागायला लागतं: त्याचा अंगठा आणि त्याच्या फोनवर आलेला आकडा.

हातापासून सुरुवात करू, कारण तो दिसतो. टचस्क्रीनचा फोन एका हाताने वापरता येतो, असं दोन हात असलेल्यांना वाटतं. प्रत्यक्षात एक हात फोन धरतो आणि दुसऱ्याची बोटं फिरतात, किंवा एकच हात तळव्यात फोन पेलून अंगठा फिरवतो. ही दुसरी कसरत निरोगी, सरावलेल्या हाताची आहे. उजवी बाजू गेलेल्या माणसाला ती डाव्या हाताने करायची असते, आणि त्या हाताने आयुष्यभर फार तर तांब्या धरलेला असतो. फोन बाजेवर ठेवून बोट लावलं की तो सरकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवायचा तर माइकचं चिन्ह दाबून धरावं लागतं. बोट थरथरलं की निरोप अर्ध्यात तुटून निघून जातो, आणि पुण्याला असलेल्या लेकीला दोन सेकंदांचा नुसता श्वास ऐकू येतो. ते चिन्ह दाबून बोट वर सरकवलं तर कुलूप लागतं आणि मग बोट उचललं तरी ध्वनिमुद्रण चालू राहतं, हे फोन रोज वापरणाऱ्यांपैकीही अनेकांना माहीत नसतं.

मेंदूची रचना इथे एक खोडी काढते. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रं डाव्या अर्ध्या मेंदूत असतात, आणि तोच भाग उजव्या हाताला हलवतो. म्हणून ज्याचा लिहिता हात जातो, त्याचीच वाचा जाण्याची शक्यता जास्त. ‘टाइप करता येत नसेल तर बोलून सांगा’ हा सल्ला नेमका त्यालाच दिला जातो.

पक्षाघात झालेल्यांपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश जणांना वाचाघात होतो. 1861 साली पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एक रुग्ण पाहिला. त्याला विचारलेलं समजत होतं, पण उत्तर म्हणून तोंडातून ‘तान’ एवढाच आवाज निघायचा. 1874 मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निकेने उलट प्रकार मांडला. हे रुग्ण अखंड, सुरात बोलतात, पण त्या बोलण्यात अर्थ नसतो आणि समोरच्याचं त्यांना कळत नाही. 1892 मध्ये देजरीन या फ्रेंच डॉक्टरने आणखी चमत्कारिक रुग्णाची नोंद केली. तो लिहू शकत होता, पण स्वतःच लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं. एकोणिसाव्या शतकातली ही टिपणं आज फोनच्या पडद्यावर ठेवून वाचावीत. इंटरनेट म्हणजे शेवटी वाचणं, लिहिणं, निवडणं आणि वेळेत करणं. या चारही कामांचा एकेक धागा मेंदूत वेगवेगळ्या जागी असतो आणि झटका कुठला तोडेल ते सांगता येत नाही. एखाद्याला फोटो ओळखून नातवाला व्हिडिओ कॉल लावता येतो, पण ‘होय’ आणि ‘रद्द करा’ यांतलं कुठलं दाबायचं ते कळत नाही.

ओटीपीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. सहा आकडे, काही मिनिटांची मुदत, आणि ते एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर डोक्यात धरून न्यायचे. वाचाघातात आकड्यांची अदलाबदल होते. मनात पाच असतो, तोंडातून सात निघतो, बोट तिसऱ्यावरच पडतं. आकडे लक्षात धरण्याची मेंदूची छोटी पाटीही लहान झालेली असते. निरोगी माणूस त्यात सहा-सात आकडे मावून घेतो, हा दोन-तीनवरच अडतो. तो 38 टाकतो, परत संदेश उघडायला जातो, परत येतो तोवर पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं असतं. पुढे वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं ओळखायला लावून ‘तुम्ही यंत्र नाही ना’ हे तपासलं जातं. मराठी चौथी शिकलेल्या, वाचाघात झालेल्या माणसाला या परीक्षेत नापास करून संगणक ठरवतो की हा माणूस नसावा.

आवाजाने शोधण्याची सोय गूगलने 2017 साली मराठीत आणली, आणि न लिहिणाऱ्या लाखो लोकांना तिचा उपयोग झाला. शिरूर कासारची आजी भजन लावायला सांगते आणि फोन लावतो. पण पक्षाघाताने जीभ जड झालेली असेल, शब्द एकमेकांत मिसळत असतील, तर फोनला ते बोलणं गोंगाट वाटतं. ही यंत्रणा निरोगी लोकांच्या आवाजावर शिकवली जाते. अडखळत्या उच्चारांसाठी गूगलनेच 2019 मध्ये ‘युफोनिया’ नावाचं काम हाती घेतलं, पण त्याची सुरुवात इंग्रजीपासून झाली. फोनवर ‘मराठीसाठी तीन दाबा’ म्हणणारी बाई तर थांबतच नाही. तिला कुणी सांगावं, की या माणसाला ‘तीन’ समजायला पाच सेकंद लागतात आणि दाबायला आणखी पाच.

आता एक शंका. हे सगळं पक्षाघातामुळे, की वय आणि शिक्षणामुळे? इंग्लंडात न्यूकासल विद्यापीठाच्या फियोना मेंगर आणि सहकाऱ्यांनी वाचाघात असलेले आणि नसलेले रुग्ण शेजारी ठेवून इंटरनेटचा वापर तपासला, तेव्हा हे धागे सहज सुटे होत नाहीत असं दिसलं. वाचाघाताने अडचण होते, पण वय, आधीची सवय आणि घरात मदतीला कोण आहे, याचंही वजन मोठं असतं. बीडमध्ये तर हे वजन झटका येण्याच्या आधीपासूनच आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार, त्यातली पाचात चार खेड्यांत, आणि साक्षरता 77 टक्क्यांच्या आसपास. म्हातारी पिढी यात किती मागे असेल ते वेगळं सांगायला नको. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना ‘कधी इंटरनेट वापरलंय का’ असं विचारलं होतं. देशात 33 टक्के स्त्रिया ‘हो’ म्हणाल्या, पुरुष 57 टक्के. महाराष्ट्रातल्या स्त्रिया 38 टक्के. हे पन्नाशीच्या आतल्यांचे आकडे, तर पक्षाघात प्रामुख्याने त्याच्या पुढचा. बालाघाटच्या डोंगरात पाटोदा, आष्टी, धारूरकडच्या कित्येक वस्त्यांवर रेंज पकडायला बांधावर जावं लागतं. डीपी जळाली की चार दिवस चार्जिंगचे वांधे. रुग्ण बांधावर कसा जाणार?

तेव्हा खेड्यातला म्हातारा माणूस इंटरनेट वापरतो ते पहिल्यापासून दुसऱ्याच्या हाताने. नातू रील लावून देतो, पोरगा पैसे टाकतो, सून व्हॉट्सअ‍ॅप वाचून दाखवते, आणि बाकी सगळं गावातला सेतूवाला पोरगा करतो. पिन त्याला माहीत, आधारचा आकडा त्याच्या वहीत. ही रीत चूक आहे, धोक्याची आहे, हे शहरातून सांगणं सोपं आहे. मला ती नाइलाजाची आणि बऱ्याच अंशी शहाणपणाची वाटते. अडचण एवढीच, की हा उसना हात नेहमी घरात असेल याची हमी नसते. आणि बीडमध्ये तर नसण्याची हमी आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे कोयते लाखोंच्या संख्येने सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे, पार कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तिकडेच. मागे वस्तीवर किंवा तांड्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पक्षाघात झालेला बाप या मागच्यांत असतो. त्याला दिवाळीच्या आधी झटका आला, तर त्याचा पोरगा दवाखान्यात दोन आठवडे थांबतो आणि मग निघतो. निष्ठुर म्हणून नव्हे, तर उचल घेतलेली असते म्हणून. मुकादमाकडून पन्नास हजार, लाख आधीच घरात आलेले असतात, आणि बापाच्या सीटी स्कॅनला आणि इंजेक्शनला तेच गेलेले असतात. बायको मागे ठेवायची तर तो ‘अर्धा कोयता’ होतो आणि उचल फिटत नाही.

इथे वैद्यकाचं एक वेळापत्रक या कारखान्याच्या वेळापत्रकावर येऊन आदळतं. पक्षाघातानंतर हात, पाय आणि भाषा यांत जी काही सुधारणा व्हायची, तिचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो. व्यायाम याच दिवसांत करून घ्यायचे असतात, पुन्हा बोलायला शिकवायचं असतं. तालुक्याला वाचातज्ज्ञ मिळणं मुश्कील, म्हणून व्हिडिओ पाठवण्याची, व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेण्याची कल्पना पुढे येते. सरकारची ई-संजीवनीही 2020 पासून घरबसल्या डॉक्टरशी गाठ घालून देते. सगळं खरं. पण घरातला एकमेव चालता स्मार्टफोन आणि तो चालवणारं एकमेव माणूस त्या सहा महिन्यांत कोल्हापूरच्या फडात कोपीत असतं. व्हिडिओ तिथे पोचतो. लकवा मारलेला हात मात्र इकडे वडवणीत असतो.

भारतात या विषयावर झालेलं संशोधन या अंगाने वाचण्यासारखं आहे. चेन्नईत ‘केअर फॉर स्ट्रोक’ नावाचा प्रयोग झाला. रुग्ण आणि घरच्यांसाठी स्मार्टफोनवर माहितीचे व्हिडिओ. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या चाचणीतल्या अडचणी प्रांजळपणे नोंदल्या होत्या: इंटरनेटची जोडणी, चित्राची स्पष्टता, व्हिडिओचा दर्जा. हे चेन्नईत. त्यानंतर ‘अटेंड’ चाचणी 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण, घरच्या एका माणसाला शिकवून त्याच्याकडून घरीच व्यायाम करून घ्यायचे. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्के. शिकवून फरक पडला नाही. मग लुधियानाच्या डॉ. जयराज पांडियन यांच्या नेतृत्वाखाली ‘स्प्रिंट इंडिया’: 31 केंद्रं, 4298 रुग्ण, 12 भाषांतून मोबाइलवर संदेश आणि व्हिडिओ, सोबत छापील पुस्तिका. 2023 मध्ये निकाल आला. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यांचं प्रमाण संदेश मिळालेल्यांत 5.5 टक्के आणि न मिळालेल्यांत 4.9. म्हणजे फायदा शून्य. औषधं नियमित घेणं, दारू-तंबाखू सोडणं यांत मात्र थोडी सुधारणा दिसली.

या निकालांवरून ‘फोनचा उपयोग नाही’ असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. पाठवलेला व्हिडिओ आणि पाहिलेला व्हिडिओ यांत एक माणूस उभा असतो, आणि या माणसाचं काय चाललंय, तो घरी आहे का, त्याला दिवसाची मजुरी बुडवून बापाचा हात हलवत बसणं परवडतं का, हे चाचणीच्या तक्त्यात सहसा नसतं. ‘अटेंड’चा धडा मी तरी असा घेतो, की घरच्यांवर काम टाकलं म्हणजे काम झालं असं नाही.

व्यायामाचं राहू द्या, ते निदान पुढे ढकलता येतं. शासनाची कामं मुदतीत असतात. बीड हा पीकविम्यासाठी राज्यभर गाजलेला जिल्हा. 2020 च्या खरिपात विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा कंपनीचा नफा-तोटा दोन्हीकडून बांधून घेणारा जो करार झाला, तो ‘बीड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. तलाठ्याच्या मागे फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, यात वाद नाही. पण ज्याचा पाय उचलत नाही त्याने कापसाच्या सरीतून गटात कसं जायचं? 2024 च्या खरिपापर्यंत तर अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेलं की विम्यासाठी 72 तासांत कळवावं लागायचं. तीन दिवस. जमीन म्हाताऱ्याच्या नावावर, नंबर म्हाताऱ्याचा, आणि म्हातारा डाव्या कुशीवर पडलेला. गावपातळीवर मदतीला सहायक असतात, शेजारीही धावतो. पण बाकी बहुतेक कामांचा ओटीपी शेवटी जातो त्याच्याच फोनवर.

आणि हा त्याचा फोन बहुधा बंद असतो. ही अडचण कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाप आजारी पडला की घरात पहिला निर्णय होतो, ‘त्यांना आता फोन कशाला?’ डॉक्टरांनी आराम सांगितलेला असतो, डोक्याला ताप नको म्हणून फोन काढून घेतला जातो. मग रिचार्ज कशाला मारायचा? महिना जातो, दोन जातात. वापर नसलेला नंबर साधारण तीन महिन्यांनी कंपनी बंद करते आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकते. इकडे आधार, बँक, पीएम-किसान, गॅस, सगळ्यांना तोच नंबर जोडलेला. आधारला जोडलेला नंबर केंद्रावर जाऊन बदलायचा तर बोटांचे ठसे द्यायचे, आणि लकवा मारलेल्या हाताची मूठ तर मिटलेली. ताठरलेली बोटं एकेक करून उलगडावी लागतात, तळव्यात घाम साचून कातडी मऊ पडलेली असते, आणि काचेवर ठेवलं की बोट पुन्हा आत वळतं. दुसऱ्या हाताची बोटं कोयता आणि विळा धरून झिजलेली. मशीन तांबडा दिवा दाखवतं. रांगेतले लोक चुळबुळ करतात, आणि केंद्रचालक म्हणतो, ‘उद्या आणा.’ उद्या पुन्हा रिक्षाचे पाचशे.

ठसा नाही तर डोळा, डोळा नाही तर चेहरा. चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आली, तेव्हा अनेक म्हाताऱ्यांचं पेन्शनचं काम सोपं झालं. नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या दाखल्यालाही पुढे ती जोडली गेली. यात ‘डोळे मिचकवा’ अशी आज्ञा असते, समोर जिवंत माणूस आहे याची खात्री म्हणून. पक्षाघातात चेहऱ्याचा खालचा भाग वाकतो; पापण्या बहुधा शाबूत असतात. म्हणजे हा माणूस दिवसभर डोळे मिचकवत असतो. सांगितल्यावर मात्र मिचकवू शकत नाही, कारण वाक्य समजत नाही, किंवा समजलं तरी आज्ञेबरहुकूम हालचाल जुळवता येत नाही. डॉक्टर याला अप्रॅक्सिया म्हणतात. केंद्रावर त्याला ‘काका ऐकत नाहीत’ म्हणतात.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात याच डोळे मिचकावण्यावर निकाल दिला. अर्ज करणाऱ्यांत अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन नागरिक होते. चेहरा आणि डोळे यांमुळे त्यांचं केवायसी होत नव्हतं. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीचे पर्यायी मार्ग ठेवण्यासह 20 निर्देश दिले. खटल्यात पक्षाघाताचा कुणी रुग्ण नव्हता, पण निकाल त्याच्याही कामाचा आहे. त्याआधीचा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर त्याहून थेट आहे. त्याच्या परिशिष्टात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाची व्याख्या करताना वाचाघाताचं नाव घेतलेलं आहे. गावात मात्र दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार होतो तो हातापायापुरता. वाचा गेली त्याचं प्रमाणपत्र निघतं, हे घरच्यांना कुणी सांगत नाही.

मग करायचं काय? काही गोष्टी बिनपैशाच्या आहेत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाचा कप्पा असतो. तिथे अक्षर मोठं होतं, बोट किती वेळ टेकवलं म्हणजे ‘दाबलं’ समजायचं ते वाढवता येतं, थरथरत्या बोटाचे दुहेरी स्पर्श दुर्लक्षित करता येतात. कीबोर्ड एका बाजूला सरकवता येतो. डावीकडचं न जाणवणाऱ्यासाठी तो उजव्या कडेला घ्यावा. पहिल्या पडद्यावर चार माणसांचे फोटो आणि बाकी काही नाही. फोटो दाबला की कॉल लागला पाहिजे. फोन सरकू नये म्हणून त्याच्याखाली ओलसर फडकं, किंवा ज्वारी भरलेली छोटी पिशवी करून तिच्यात तो रेलून ठेवायचा. हे सगळं पोरगा गावी असतानाच करायचं आणि त्याच्यासमोर बापाकडून रोज एक तरी कॉल लावून घ्यायचा. वाचाघातात घोकून पाठ झालेली कृती टिकते, समजावून सांगितलेली नाही. आणि सगळ्यात आधी, त्याच्या नंबरवर रिचार्ज मारत राहायचं, फोन त्याच्या हातात नसला तरी.

बँकांना रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलं आहे की सत्तरीच्या पुढचे आणि दिव्यांग खातेदार यांना घरपोच सेवा द्या. शाखेत जाऊन लेखी मागावी लागते. न मागता ती क्वचितच मिळते.

पण मला सगळ्यात लक्षवेधी वाटतं ते ‘यूपीआय सर्कल’. ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालेली ही सोय, एका खात्यातून दुसऱ्या माणसाला मर्यादेत खर्च करू देते. महिन्याला 15 हजार, एका वेळी 5 हजार, आणि त्यासाठी पिन सांगावा लागत नाही. खातं बापाचं, खर्च सून करते, प्रत्येक खर्च बापाच्या खात्यात दिसतो. किंवा उलट: पोराच्या खात्यातून बापाला चहा-पानापुरती मोकळीक. एक माणूस, एक फोन, एक अंगठा असं न धरता दोन माणसांनी मिळून वापरायची म्हणून रचलेली ही एक सोय आहे. बाकीच्या बहुतेक सेवा, मग तो विमा असो की निराधारांचं अनुदान, अजून त्या म्हाताऱ्याला एकटा समजतात आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला चोर. हा मागचा माणूस नोंदवून घ्या, त्याचं नाव, त्याचं नातं, त्याने काय करावं आणि काय करू नये हे लिहून ठेवा. सेतूवाल्याच्या वहीत ते आजही लिहिलेलं आहेच, फक्त बेकायदा.

सर्कल सुरू करताना एक अट असते. खातेदाराने स्वतः दुसऱ्याला जोडायचं, स्वतःचा पिन टाकून. 1, 4 आणि 7 सकट. म्हणून ज्यांच्या घरात रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि कोयताही जातो, त्यांनी हे काम झटका येण्याची वाट न पाहता उचल घेतानाच्या दिवसांत उरकावं. त्या दिवसांत सगळे घरी असतात.